माजी विद्यार्थी कोणास म्हणावे?

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर 'कमवा आणि शिका' योजनेत मला कार्यालयातील काम मिळाले. काम तसे साधे होते. महाविद्यालयात माजी विद्यार्थी मेळावा भरवायचा होता आणि त्यासाठी जुन्या जनरल रजिस्टरांतील नावे व पत्ते एका नव्या वहीत उतरवून काढायचे होते. रजिस्टरे जाडजूड, कापडी बांधणीची. काहींची पाने वाळवीने खाल्लेली. हेडक्लार्कसाहेबांनी सुरुवातीलाच सांगितले होते, "पदवी घेऊन गेलेल्यांचीच नावे घे. मध्येच सोडून गेलेल्यांची नकोत." त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. रजिस्टरे पुष्कळ होती, वही एक होती आणि मेळावा तोंडावर आला होता.

१९७२-७३ सालचे रजिस्टर उघडले तेव्हा मात्र माझा हात थांबला. त्या वर्षीच्या प्री-डिग्रीच्या यादीत नावामागून नाव लाल शाईने खोडलेले आणि पुढे एकच शेरा : 'फी न भरल्याने नाव कमी.' आपला तालुका दुष्काळी. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी, ती मिलो ज्वारी, ती सुकडी, पाझर तलावावरची खडी, हे सारे आपण घरोघरी ऐकत आलो आहोत. त्या दुष्काळाचा कॉलेजातला हिशेब असा लाल शाईत लिहिलेला मी प्रथमच पाहिला. त्या खोडलेल्या नावांत एक नाव आमच्या वाडीतले निघाले. ते आमच्या भावकीतल्या तात्यांचे होते.

तात्यांविषयी थोडे सांगायला हवे. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. बारावीनंतर माझे शिक्षण थांबवायचे असे घरात जवळजवळ ठरले होते. मुलींना शिकवणी शुल्क माफ असले तरी परीक्षा फी, पुस्तके आणि एसटीचा पास कोणाला चुकत नाही. तेव्हा एके दिवशी तात्या आले, ओट्यावर टेकले, माझ्या वडिलांच्या हातात दोन हजार रुपये ठेवले आणि म्हणाले, "पोरगी शिकू दे. मला परत देऊ नगंस. ती कमवाय लागली की तिला दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांग." पुढे मला कळले की वाडीतल्या आणखी काही मुलांची फी त्यांनी अशीच भरली आहे आणि ती मुलेही याच कॉलेजात शिकून गेली आहेत. पण आपण स्वतः याच कॉलेजचे विद्यार्थी होतो, हे तात्या कधी बोलले नव्हते.

ज्या माणसाने या कॉलेजला इतके विद्यार्थी दिले, तो कॉलेजच्या लेखी माजी विद्यार्थी नाही, हे कसे? या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता प्रस्तुत लेख झाला.

शब्द काय सांगतात?

प्रथम शब्दांकडे पाहू. 'माजी' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा अर्थ गेलेला, सरलेला. इंग्रजीत ज्याला 'ॲल्युम्नस' म्हणतात तो शब्द मूळचा लॅटिन, आणि त्याचा अर्थ 'पोसलेले मूल' असा आहे. एक शब्द म्हणतो, याचे आमच्याकडचे दिवस संपले. दुसरा म्हणतो, याला आम्ही वाढवले. दोन्ही शब्दांत पदवीची अट मात्र कोठेही नाही. ती अट आपण घातली आहे.

आपल्याकडे याच नात्याला फार चांगला शब्द आहे, तो म्हणजे माहेर. निरोपसमारंभाच्या भाषणांत कॉलेजला माहेराची उपमा हटकून दिली जाते. ती केवळ अलंकार म्हणून न घेता शब्दशः घेतली तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो, असे मला वाटते.

बंद पडलेले कॉलेज

माजी विद्यार्थी आपल्या संस्थेसाठी काय करू शकतात, याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे आहे. १८२१ साली विश्रामबाग वाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेपासून या संस्थेचा इतिहास सुरू होतो. १८६४ मध्ये तिला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि १८६८ मध्ये ती येरवड्याच्या वास्तूत आली. या वास्तूला सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीचा हातभार लागला होता. टिळक आणि आगरकर हे याच कॉलेजचे विद्यार्थी. १९३४ साली सरकारने हे कॉलेज बंद केले. त्या वेळी माजी विद्यार्थ्यांनी नुसती हळहळ व्यक्त केली नाही. ते कोर्टापर्यंत गेले, आणि त्यांच्या चिकाटीमुळे १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेजचे दरवाजे पुन्हा उघडले. या वेळी ती पदव्युत्तर शिक्षण व संशोधनाची संस्था झाली. इरावती कर्वे आणि ह. धी. सांकलिया यांचे पुढचे सारे काम याच संस्थेत झाले. पाच वर्षे कुलूप लागलेल्या कॉलेजला त्या वेळी चालू विद्यार्थी नव्हतेच. त्याच्या बाजूने उभे राहायला फक्त माजी विद्यार्थी होते.

योगायोग असा की, ज्या १८२१ साली पुण्यात पाठशाळा सुरू झाली त्याच साली अमेरिकेतील विल्यम्स कॉलेजात माजी विद्यार्थ्यांची संघटना स्थापन झाली. तिचेही कारण संकटच होते. कॉलेजचे अध्यक्ष काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन दुसऱ्या गावी नवे कॉलेज काढायला निघून गेले होते आणि मागे राहिलेले कॉलेज टिकते की नाही अशी स्थिती आली होती. सारांश, माजी विद्यार्थ्यांचे संघटन हे मुळात मेजवानीसाठी निघालेले नाही. संस्था अडचणीत असताना ती आपली म्हणणाऱ्यांनी ते उभे केले आहे.

देणे अनेक प्रकारचे

हे देणे नेहमी पैशाचेच असते असेही नाही. ज्या 'कमवा आणि शिका' योजनेत मी काम करते, तिची परंपरा कर्मवीर भाऊराव पाटील यांची. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्यास नेली. मुष्टिफंडाच्या मूठमूठ धान्यावर आणि लक्ष्मीबाईंनी मोडलेल्या दागिन्यांवर तिथली मुले जेवली. त्यांतल्या अनेकांनी पुढे त्याच संस्थेत शिक्षक म्हणून आयुष्य घालवले. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे सातारच्या शाहू बोर्डिंगचे विद्यार्थी. बॅरिस्टर होऊन ते संस्थेकडे परत आले, सातारच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. त्यांनी देणगीची पावती फाडली नाही, स्वतःलाच दिले.

उलट बाजूला पैशाचे मोठे उदाहरणही आहे. नंदन नीलेकणी यांनी १९७३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत प्रवेश घेतला. त्याला पन्नास वर्षे झाली म्हणून २०२३ मध्ये त्यांनी त्या संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले. त्यापूर्वी त्यांनी ८५ कोटी दिलेच होते. हे वाचून आपल्यासारख्या तालुक्याच्या कला महाविद्यालयाने मान खाली घालण्याचे कारण नाही. अनुदानित महाविद्यालयात प्राध्यापकांचा पगार शासन देते. आपली नड असते ती ग्रंथालयाची, वसतिगृहातील एका खोलीची, परीक्षा फी न भरता आल्याने घरी बसणाऱ्या एखाद्या मुलीची. ही नड कोटींची नसते. ती तात्यांच्या दोन हजारांची असते.

यात्रेचा धडा

मग आपले माजी विद्यार्थी आपल्याकडे का येत नाहीत? ते कृतघ्न झाले आहेत, असे भाषणांत म्हटले जाते. मला ते पटत नाही. आपल्या खानापूर-आटपाडी भागातील माणसे गलाईच्या धंद्यासाठी तमिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंत पसरली आहेत. सोन्याचांदीच्या भट्टीसमोर वर्षभर बसणारा हा माणूस गावच्या यात्रेला मात्र दुकान बंद करून दोन दोन दिवसांचा प्रवास करून येतो, आणि न चुकता वर्गणी देतो. तोच माणूस कॉलेजला येत नाही, याचा अर्थ त्याच्यात आपुलकी नाही असा कसा होईल? यात्रा कमिटीला जे जमते ते आपल्याला जमलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यात्रा कमिटी काय करते? पहिली गोष्ट, तिचा दिवस ठरलेला असतो. तो कोणाच्या सोयीने बदलत नाही. दुसरी गोष्ट, वर्गणी ऐपतीप्रमाणे, पण पावती सर्वांना. तिसरी गोष्ट, यात्रा संपली की जमाखर्चाचा कागद देवळाच्या भिंतीवर लागतो. चौथी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, गावातून कोणाचेही नाव कमी होत नाही. नापास झालेला, कर्जबाजारी झालेला, भांडून गेलेला, सगळे पालखीला खांदा देऊ शकतात.

आपल्या मेळाव्याचा दिवस दरवेळी वेगळा असतो. पुष्कळदा तर 'नॅक'ची समिती येण्याच्या सुमारास आपल्याला माजी विद्यार्थ्यांची आठवण होते. २०१७ च्या मूल्यांकनाच्या चौकटीत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला पाचव्या निकषात स्वतंत्र जागा होती, त्यामुळे ही आठवण सर्वच महाविद्यालयांना झाली, हे चांगलेच झाले. पण फोटो काढून फाईल पूर्ण झाली की वही पुन्हा कपाटात जाते. यंदाच्या मेळाव्यात तर स्वागतगीत संपताच इमारत निधीचे आवाहन झाले. माहेरी आलेल्या लेकीला उंबऱ्यातच 'काय आणलंस?' असे कोणी विचारत नाही. आधी तांब्याभर पाणी देतात, बसवतात, कशी आहेस म्हणून विचारतात. ती जाताना ओटी भरतात. मग पुढच्या खेपेस ती स्वतःच पिशवी भरून आणते.

हरवलेल्या माहेरवाशिणी

माहेराचा विषय निघालाच आहे, तर ज्यांचे ते खरोखर माहेर त्यांच्याविषयी बोलले पाहिजे. मेळाव्याच्या सामूहिक फोटोत स्त्रिया अगदी थोड्या आहेत. रजिस्टरात मुलींची नावे काही थोडी नव्हती. मी स्वतःच ती उतरवली आहेत. मग त्या गेल्या कोठे? रजिस्टरात मुलीचे नाव असते ते वडिलांच्या नावासह, पत्ता असतो माहेरच्या गावाचा. लग्नानंतर आडनाव बदलते, काही घरांत पाळण्यातले नावही बदलते. पत्र जाते जुन्या पत्त्यावर. तेथे भाऊ किंवा वहिनी ते बाजूला ठेवून देते. त्यांची नावे लाल शाईने खोडलेली नाहीत, पण नाव तसेच असूनही माणूस सापडत नाही, हे नाव कमी होण्यापेक्षा काय वेगळे?

हे लिहिताना मी तटस्थ नाही, हे कबूल करते. आणखी दीड वर्षाने माझे नावही असेच एका रजिस्टरात बंद होईल. तात्यांनी सांगितलेले कर्ज मला फेडायचे आहे. पण तीस वर्षांनी या कॉलेजने मला शोधायचे ठरवले तर ते कोणत्या नावाने आणि कोणत्या गावी शोधील?

काय करता येईल?

नुसती टीका करणे सोपे असते, म्हणून काही सूचना मांडते. त्या माझ्या अल्प बुद्धीच्या आहेत. गुरुजनांनी त्यांत सुधारणा करावी.

एक, आपली यादी पदवीधरांची न ठेवता प्रवेश घेतलेल्या सर्वांची ठेवावी. तिची मांडणी सालाप्रमाणे तर असावीच, पण गावाप्रमाणेही असावी. कारण पत्ता हरवला तरी गावाला माणूस माहीत असतो. यात्रेच्या दिवशी त्या त्या गावच्या विद्यार्थ्याने वही घेऊन देवळापाशी बसावे. एका दिवसात जेवढी नावे सापडतील तेवढी टपालाने वर्षात सापडणार नाहीत. व्हॉट्सॲपच्या गटांचा उपयोग आहेच, पण सत्तरी उलटलेले बहुतेक जण त्यांत नसतात. त्यांच्यापर्यंत नातवंडांमार्फतच जावे लागेल, आणि ती नातवंडे आज आपल्याच वर्गात बसलेली आहेत.

दोन, मुलींच्या नोंदीत माहेर व सासर अशी दोन्ही नावे व गावे असावीत, आणि वर्गातील एका मैत्रिणीचा संपर्कही असावा. मैत्रिणींना एकमेकींचा पत्ता नेहमी ठाऊक असतो.

तीन, मेळाव्याचा दिवस कायमचा ठरवून टाकावा. भाऊबीजेचा दुसरा दिवस मला योग्य वाटतो, कारण त्या वेळी लेकी माहेरी आलेल्या असतात. प्रवासखर्चाची अडचणही आता कमी झाली आहे. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला आणि स्त्रियांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. मेळावा दिवसाउजेडी संपावा, बसण्याची सोय तळमजल्यावर असावी आणि भाषणे थोडी असावीत. ज्येष्ठांना बोलावून दोन तास ऐकत बसवण्यापेक्षा त्यांनाच बोलू द्यावे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून १९७२ च्या आठवणी लिहून घेतल्या तर तो आपल्या तालुक्याचा दस्तऐवज होईल.

चार, पैशाचा व्यवहार काचेसारखा स्वच्छ असावा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संघ नोंदवायला किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात अशा संघाला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचेही नियम लागू होतात. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो, आणि पदाधिकारी बदलले तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. कितीतरी संघ मोठ्या उत्साहाने नोंदवले जातात आणि हा बदल अर्ज न दिल्यामुळे कागदोपत्री अडकून पडतात. परदेशी असलेल्या माजी विद्यार्थ्यांविषयीही गैरसमज आहेत. जो भारतीय नागरिक आहे त्याने परदेशातील स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी ही परकीय देणगी ठरत नाही. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी मात्र २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली येते, आणि ती घेण्यापूर्वी संघाला शासनाची नोंदणी किंवा परवानगी लागते. हे सर्व सांभाळून वर्षाचा जमाखर्च याच वार्षिक अंकात छापावा. हे आपल्या देवळाच्या भिंतीसारखे होईल.

पाच, ज्याच्या फीला मदत झाली त्या विद्यार्थ्याने देणाऱ्यास वर्षातून एक पत्र लिहावे. आपण काय शिकतो, कोणते पुस्तक वाचले, एवढेच लिहावे. आभाराचे मोठे शब्द नसले तरी चालतील.

शेवटी तात्यांविषयी

ते रजिस्टर पाहिल्यावर मी तात्यांकडे गेले. म्हटले, "तात्या, तुम्ही आमच्या कॉलेजात होता?"

"होतो कसला? चार महिनं बसलो. मग पाझर तलावावर खडी फोडाय गेलो. नाव काढलं माझं."

"मग आमच्या फिया कशाला भरता?"

तात्या जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुष्काळानंतर तिकडं तमिळनाडूत गलाईच्या दुकानात ऱ्हायलो. समद्या पोरांची पत्रं मीच लिवायचो. बँकेतली इंग्रजी चिठ्ठी मलाच वाचाय लावायची. त्या चार महिन्यांत जेवढी इंग्रजी आली तेवढ्यावर. पोरं मला कॉलेजवाला म्हणायची. तीस वर्षं तिकडं माझं तेच नाव हुतं."

ज्या माणसाला परमुलखात तीस वर्षे कॉलेजच्या नावाने ओळखले गेले, त्याचे नाव कॉलेजात मात्र लाल रेघेखाली होते. मी त्यांना मेळाव्याला चला म्हणून आग्रह केला. ते म्हणाले, "पत्र आलं तर यीन. बिनबोलवता कशाला?" आणि पत्र गेले नव्हते, कारण त्यांचे नाव वहीत घ्यायचे नव्हते. मेळावा त्यांच्याविनाच झाला.

हे सारे मी प्राचार्यांना सांगितले. त्यांनी रजिस्टर मागवून घेतले, ती पाने बराच वेळ पाहिली आणि प्रवेश घेतलेल्या सर्वांची नावे नव्या वहीत घेण्यास परवानगी दिली. हेडक्लार्कसाहेबांनी स्वतः दुसरी वही आणून दिली. जुन्या रजिस्टरातील शेरा पुसता येत नाही आणि पुसूही नये. तो दुष्काळाचा पुरावा आहे. पण नव्या वहीत शेऱ्याचा रकाना आम्ही ठेवलेला नाही. नाव, साल, गाव आणि सध्याचा ठावठिकाणा, एवढेच चार रकाने आहेत. १९७२-७३ च्या पानावर तात्यांचे नाव लिहिले आहे. पुढच्या मेळाव्याचे पत्र त्यांना मीच नेऊन देणार आहे.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, हे काम एकट्या कार्यालयाचे नाही. तुमच्या गावात, भावकीत, शेजारी कोणी या कॉलेजात एक दिवसही बसून गेले असेल, तर त्यांचे नाव, साल आणि गाव एका कागदावर लिहून ग्रंथालयातील पेटीत टाका. पास की नापास, हे विचारू नका. आईला, आत्याला, मावशीलाही एकदा विचारून पाहा. कदाचित त्याही कधी बोलल्या नसतील.